भोंग्याचा गळा

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधले काही महिने कुठे होतो, हे आमच्या घरातल्यांना विचारा. दिवाणखान्यात चिखल, वर्तमानपत्रांचे बोळे आणि पेजेचं पातेलं घेऊन बसलो होतो. कारण एकच. चोरखमाऱ्याला मामाजींच्या घराच्या माळ्यावर दोन जुने युनिट सापडले.

युनिट म्हणजे भोंग्याच्या मागे जो जड, गोल डबा फिरकीने बसवलेला असतो, तो. आवाज तयार होतो तिथे. पुढचा भोंगा फक्त तो आवाज हवेच्या हाती सोपवतो. (“फक्त” हा शब्द किती चुकीचा आहे ते पुढे येईलच.)

जंगल बघायला जाणाऱ्यांना चोरखमारा हे नागझिऱ्याचं एक गेट म्हणून माहीत असतं. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका, शेजारी मोठा तलाव, भोवती धानाचे बांध आणि त्यापलीकडे सागाचं रान. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नंतर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं. आमच्यासाठी मात्र ते आईचं माहेर. मामाजींचा तिथे मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन भोंगे, एक मशीन (ॲम्प्लिफायरला तिकडे मशीनच म्हणतात), ट्रकची १२ व्होल्टची बॅटरी आणि रेकॉर्ड्‌सची पत्र्याची पेटी. लग्न, मंडई, शंकरपट आणि दिवाळीनंतरची नाटकं. झाडीपट्टीत नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. भोंगे मोहाच्या झाडावर बांधलेले, एकाचं तोंड गावाकडे, दुसऱ्याचं रस्त्याकडे.

अशाच एका नाटकाची कॅसेट आमच्याकडे आहे. १९८०च्या दशकातली. गावातल्याच मंडळींचं ऐतिहासिक नाटक, त्यात आजोबा सरदार. मामाजींनी मशीनला टेपरेकॉर्डर जोडून ते भरून घेतलं. आजोबांचा आवाज दुसरा कुठे नाही. आमच्याकडची दंतकथा अशी की आजोबांना अख्खं नाटक पाठ होतं, स्वतःचं काम तर होतंच, पण बाकीच्यांचीही कामं. आई हे आजही सांगते.

ती कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतली आणि मामाजींना ऐकवली. छोट्या स्पीकरवर आजोबा सर्दी झालेल्या कारकुनासारखे बोलत होते. मामाजींचे कान आता थोडे गेले आहेत (मशीनशेजारी बसून काढलेल्या शेकडो रात्री!), तरी ते लगेच म्हणाले, “असे नव्हते गा वाजत ते. भोंग्यावर ऐकायला पाहिजे होतं तू.”

आता भोंग्यावरच ऐकायचं तर भोंगा घरात आणायला हवा. आणि घरात त्या ॲल्युमिनियमच्या भोंग्याचा कर्कशपणा सहन होणार नाही. म्हणून मग ठरलं, की युनिट मामाजींचेच ठेवायचे आणि हॉर्न आपण नवा करायचा. माणसाच्या बोलण्याचा अर्थ कळायला ३०० ते ३५०० हर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा पुरतो. टेलिफोन वर्षानुवर्षं तेवढ्यावरच चालला. ध्वनीच्या भाषेत हा मधला पट्टा, मिडरेंज. म्हणजे मला मिडरेंज हॉर्न करायचा होता. आणि तो करायला बसल्यावर पहिल्याच कागदावर जो प्रश्न अडला तोच या विषयाचा शंभर वर्षांचा प्रश्न निघाला. गळा केवढा ठेवायचा?

हॉर्नला दोन टोकं. मोठं टोक ते तोंड, छोटं टोक तो गळा. नावं माणसावरूनच पडली आहेत आणि बरोबर आहेत. (तुतारी वाजवणारा मात्र आपलं तोंड तुतारीच्या गळ्याला लावतो. त्यावर विचार करू नये.) तोंडाचं गणित सोपं आहे. जो सर्वांत खालचा सूर हवा त्याच्या लहरीच्या लांबीइतका तोंडाचा परीघ ठेवायचा. ३०० हर्ट्‌झची लहर १ मीटर १४ सेंमी, म्हणजे तोंडाचा व्यास ३६ सेंमीच्या वर थोडा. झालं. गळ्याचं तसं नाही. गळा हा तुमच्या युनिटवर अवलंबून आणि युनिट कशासाठी निवडलं यावर अवलंबून.

लोहाराचा भाता आठवा. भात्याचं पोट मोठं आणि पुढचं नळकं बारीक. नळकं काढून टाका, भाता हलवणाऱ्या हाताला काही जोरच लागणार नाही, आणि निखाऱ्यालाही काही कळणार नाही. नळकं फारच बारीक केलं तर हात भरून येतो आणि हवा नुसती फुत्कारते. पडद्याचं, म्हणजे डायफ्रॅमचंही तसंच. हवा इतकी हलकी की मोकळ्यावर हलणारा पडदा तिला नीट ढकलूच शकत नाही. साध्या कोनच्या स्पीकरला दिलेल्या विजेतली एखादा टक्काच आवाज होते, उरलेली उष्णता. पुढे अरुंद गळा आणि हळूहळू रुंदावत जाणारा हॉर्न लावला की पडद्याला हवेचं वजन जाणवतं आणि तोच आकडा २०-३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

हे आधी लोकांना हाताने कळलं, गणित मागून आलं. ग्रामोफोनचा कर्णा होताच. कॅलिफोर्नियात नापा गावी पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी विजेच्या हलत्या कॉइलपुढे असा ग्रामोफोनचा कर्णा लावला, आणि १९१५च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर हजारो लोकांना त्यातून कार्यक्रम ऐकवला. त्यांच्या यंत्राचं नाव मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये मोठा आवाज. १९१९ साली वेबस्टर या भौतिकशास्त्रज्ञाचा हॉर्नवरचा प्रसिद्ध निबंध छापून आला. गळ्यापाशी हवा पडद्याला किती विरोध करते, हे त्यात पहिल्यांदा वापरता येईल असं मांडलेलं होतं. १९२४ साली वेस्टिंगहाउसच्या हॅना आणि स्लेपियन यांनी लाउडस्पीकरसाठी ते गणित लावलं. ठरावीक अंतराला क्षेत्रफळ दुप्पट होत जाणारा हॉर्न घ्या आणि पडद्यापेक्षा गळा लहान ठेवा.

मग १९२६. बेल लॅबच्या वेंट आणि थुरास यांचं युनिट, वेस्टर्न इलेक्ट्रिक ५५५. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉर्नर ब्रदर्सचा ‘डॉन जुआन’ ध्वनिमुद्रित संगीतासह पडद्यावर आला आणि बोलपटाच्या थिएटरांना आवाज मिळाला. त्या काळच्या ॲम्प्लिफायरची ताकद अगदी थोडे वॅट. तेवढ्यात अख्खं थिएटर भरायचं तर हॉर्नशिवाय गत्यंतर नव्हतं. पाच वर्षांनी, १४ मार्च १९३१ला, मुंबईत मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. आपले लोक पडद्याला कान लावून बसायला लागले ते हॉर्नसमोर.

५५५चं खरं वैशिष्ट्य त्याच्या पडद्यापुढे बसवलेल्या डाटात होतं. पडदा रुंद, गळा अरुंद. पडद्याच्या कडेला निघालेला आवाज मधल्या आवाजापेक्षा लांबून गळ्यात पोचणार आणि वरच्या सुरांत दोघे एकमेकांना मारणार. म्हणून मध्ये एक डाट ठेवून हवेला अशा फटींतून न्यायचं की सगळ्या वाटा जवळपास सारख्या लांबीच्या व्हाव्यात. आजही प्रत्येक युनिटच्या पोटात हा डाट असतो. मामाजींच्याही युनिटात आहे. हे मी इतकं सविस्तर का सांगतो आहे, तर याच डाटाने माझा पहिला हॉर्न बिघडवला.

पण त्याआधी आपल्याकडचं थोडं. महाराष्ट्रात सभेचा भोंगा रुजवण्यात मुंबईच्या मोटवानींच्या शिकागो रेडिओचा मोठा वाटा. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ची पाटी दिसते ती हीच. १९४२मध्ये उषा मेहतांच्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात नानक मोटवानीही आरोपी होते, पुढे निर्दोष सुटले. नंतर दिल्लीच्या अहुजांचा माल सगळीकडे पसरला आणि गावोगावच्या मंडपवाल्यांच्या तोंडी भोंगा आणि अहुजा एकच झाले.

झाडावर बांधायला लांबलचक सरळ कर्णा परवडत नाही, म्हणून हॉर्न आतल्या आत दुमडला. ही युक्ती ग्रामोफोनवाल्यांनी आधीच केली होती, एचएमव्हीचे १९२७चे ‘री-एंट्रंट’ यंत्र तसंच. भोंग्यात आवाज मागून पुढे, पुढून मागे, पुन्हा पुढे असा फिरून बाहेर पडतो. वळणांवर वरचे सूर गळतात, पातळ पत्रा स्वतःच घणघणतो, आणि त्यात मशीन पूर्ण मोकळं सोडलेलं. भोंग्याचा आवाज म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो तो बराचसा या तिघांचा आहे. युनिट बिचारं निर्दोष असतं.

हे मी मामाजींच्या प्रेमापोटी म्हणत नाही. अमेरिकेत पॉल क्लिप्श या इंजिनियरने १९४६ साली आर्कान्सामधल्या होप गावी घरगुती हॉर्न स्पीकरची कंपनी काढली. त्याचा क्लिप्शहॉर्न कोपऱ्यात ठेवायचं भलंमोठं कपाट. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू. त्यातल्या मधल्या पट्ट्यासाठी त्याने वर्षानुवर्षं जी युनिट वापरली ती युनिव्हर्सिटी आणि ॲटलस या कंपन्यांची, म्हणजे सभेच्या भोंग्याला लागतात त्याच जातीची. पडदा फिनॉलिकचा, गळा इंचाच्या आतला. हे वाचलं तेव्हा मी चोरखमाऱ्याला फोन केला. मामाजी म्हणाले, “मंग? आमचं युनिट काय कमी आहे का?”

आता आमच्या हॉर्नकडे. ३०० हर्ट्‌झसाठी क्षेत्रफळ दर ६.३ सेंमीला दुप्पट व्हावं लागतं. युनिटच्या आट्यांचा व्यास मोजला, १.३७५ इंच, म्हणजे ३५ मिमी. जगभर भोंग्यांच्या युनिटला हाच आटा चालतो. गळा ३५, तोंड ३६४ मिमी, लांबी साधारण ४३ सेंमी. पत्र्याचा फर्मा कापला, चिखलाचा गोळा खुंटीवर फिरवत त्या फर्म्याने साचा केला आणि त्यावर भाताच्या पेजेत भिजवलेल्या कागदाचे थर. ही काही माझी कल्पना नाही. लंडनमध्ये ईएमजी नावाचे लोक १९२०-३०च्या दशकांत ग्रामोफोनचे प्रचंड कर्णे असेच कागदाच्या लगद्याचे करत. कागद पत्र्यासारखा घणघणत नाही. (पेजेला मुंग्या लागतात, हे मात्र त्यांनी कुठे सांगितलेलं नाही :-) तुम्ही करणार असाल तर मोरचूद घाला.)

तीन आठवडे वाळवला, युनिट लावलं, आजोबांना बोलावलं. आणि आजोबा पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखे. एका विशिष्ट सुरावर तर किंचाळत होते. मी मशीन तपासलं, तारा बदलल्या, कॅसेटला दोष दिला. कागद नीट वाळला नसेल म्हणून हॉर्न आणखी चार दिवस उन्हात ठेवला.

दिवाळीत तो हॉर्न घेऊनच चोरखमाऱ्याला गेलो. मामाजींनी तो ऐकलाच नाही. युनिट फिरवून काढलं, त्याच्या भोकात करंगळी घातली. ती पहिल्या पेरालाच अडली. मग हॉर्नच्या गळ्यात अंगठा घातला. तो गरागरा फिरला.

“गळा चुकला गा,” ते म्हणाले.

चूक अशी होती. मी आट्याचं माप घेतलं होतं, भोकाचं नाही. आट्याच्या आत जे खरं भोक असतं, डाटातून आलेली हवा ज्यातून बाहेर पडते, ते १९ मिमीचं. १९ वरून एकदम ३५. म्हणजे क्षेत्रफळ एका पायरीत साडेतीनपटीच्या जवळ. आवाजाची लहर त्या पायरीवर आपटून निम्मीअधिक परत फिरते आणि पडद्याला जाऊन धडकते. ते किंचाळणं म्हणजे हीच ये-जा. हॉर्न जिथे युनिट जोडलं जातं तिथे सुरू होत नाही. तो आत डाटापासूनच सुरू झालेला असतो. आपण फक्त तो पुढे चालवायचा असतो. एवढं साधं वाक्य मला पुस्तकांत दिसलं नव्हतं, किंवा दिसलं असेल आणि कळलं नसेल.

गणित पुन्हा केलं. त्याच वाढीने १९ वरून ३५ मिमीला पोचायला ११ सेंमी लागतात. म्हणजे माझा हॉर्न वाईट नव्हता, त्याला ११ सेंमीचा गळा कमी होता. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. तिथल्या एका कारागिराकडून पितळी नळी करून घेतली, एका टोकाला १९, दुसऱ्याला ३५, मध्ये सावकाश रुंदावत जाणारी. “पिचकारी करायची आहे का?” असं त्यांनी दोनदा विचारलं.

तोवर मनात आलं, की युनिटचा नाद सोडून साधा कोनचा स्पीकर लावला तर? गळा मोठा मिळेल, खर्च कमी. घरी प्रयोग करणाऱ्यांमध्ये ही पद्धत जुनी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत ब्रूस एडगर यांनी मिडरेंज हॉर्नवर लिहून ती पुन्हा लोकप्रिय केली. तिथे गळा ठरवायचं सूत्र स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थिएल यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात स्पीकरला मोजता येणारे आकडे दिले, आणि १९७७मध्ये डॉन कील यांनी ते हॉर्नच्या गळ्याला जोडले. स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या, त्याचा विद्युत-क्यू आणि त्याच्या पडद्याच्या लवचिकतेइकी हवा, या तिघांचा गुणाकार करा, त्याला ६.२८ने गुणा आणि ध्वनीच्या वेगाने भागा. उत्तर म्हणजे गळ्याचं क्षेत्रफळ. आणि कंपनसंख्येच्या दुपटीला त्या क्यूने भागलं की कुठल्या सुरापासून आवाज उतरू लागेल तेही कळतं.

मी जुन्या रेडिओतला ५ इंची स्पीकर मोजला. १२० हर्ट्‌झ, ३.६ लिटर आणि क्यू ०.८. गळा निघाला ६३ चौरस सेंमी, आणि पडदाच मुळी ८५चा! म्हणजे गळा नाहीच, नुसतं पुढे नरसाळं. शिवाय आवाज ३०० हर्ट्‌झपासूनच उतरणार. जिथे माझं काम सुरू होतं तिथे त्याचं संपतं. तोच स्पीकर जोरकस चुंबकाचा असता, क्यू ०.२५, तर गळा २० चौरस सेंमी, म्हणजे ५ सेंमी व्यासाचा, आणि उतार ९६० हर्ट्‌झपासून. तेव्हा कोन घ्यायचाच असेल तर चुंबक बघून घ्या. लेबलावरचे वॅट बघू नका. दुबळ्या चुंबकाच्या स्पीकरला हॉर्न म्हणजे अशक्त बैलाला दुसऱ्याचा नांगर.

युनिटवाल्यांतही हीच निवड वेगळ्या रूपात आहे. अल्टेकच्या ८०२चा गळा १ इंच, २८८चा १.४, जेबीएलच्या ३७५चा २ इंच. गळा मोठा तसा पडदा मोठा, आणि खालचे सूर जास्त भरदार. पण गळ्याची रुंदी लहरीच्या जवळ गेली की वरचे सूर एका झोतात समोरच पडतात. गळा बारीक तसे वरचे सूर मोकळे, पण जोरात वाजवलं की गळ्यातली दाबली गेलेली हवाच आवाज विकृत करते. मोठ्या मैदानासाठी ते दुःख खरं आहे. माझ्या खोलीत एक वॅटही लागत नाही. तेव्हा १९ मिमी पुरे, हा निर्णय झाला, आणि तो मामाजींच्या माळ्यानेच आधी घेतलेला होता.

एक गोष्ट विसरू नका. हॉर्नच्या मर्यादेखालचे सूर युनिटला देऊ नयेत. तिथे हवेचा भार नसतो, पडदा मोकाट हलतो आणि फाटतो. “ढोलकीवर डायफ्रॅम जातो,” हे मामाजींचं जुनं वाक्य. १६ ओहमच्या युनिटला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की साधारण ५०० हर्ट्‌झच्या खाली वीज कमी होत जाते. खालचं काम वेगळ्या वूफरला दिलं.

संक्रांतीला सगळं घेऊन पुन्हा चोरखमारा. पितळी गळा, कागदी हॉर्न, मामाजींचं युनिट. मामाजींनी सवयीने हॉर्नच्या तोंडासमोर तळहात धरला, भोंगा सुरू आहे की नाही हे ते पूर्वी असंच बघत. आजोबा बोलले. किंचाळणं गेलं होतं. छातीतून येणारा, थोडा घोगरा, शब्दाशब्दावर वजन देणारा आवाज. आईने पदर तोंडाला लावला.

आणि मग सगळ्यांनाच ऐकू आलं. प्रत्येक वाक्याच्या आधी, आजोबांच्या मागून, आणखी एक आवाज होता. कुजबुजता. एक वाक्य पुढे. तो बोलायचा आणि मग आजोबा बोलायचे. एकदा तो थांबला तर आजोबाही थांबले, आणि जवळजवळ पाच सेकंद कोणीच काही बोललं नाही.

आई म्हणाली, “हा कोण?”

“प्रॉम्टर,” मामाजी म्हणाले. “बाबाला एक वाक्य पाठ नव्हतं. भोंग्यावर ते ऐकू येत नव्हतं, म्हणून चाललं.”

कॅसेटची दुसरी बाजू त्यांनी लावू दिली नाही.